घरात सापडलेला अनोळखी भुंगेरा कसा ओळखावा

गेल्या श्रावणात गोव्यात, आमच्या फोंडा तालुक्यातील घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत रोज सकाळी दहा-बारा तांबूस तपकिरी किडे मरून पडलेले दिसू लागले. आकाराने ते मोहरीच्या दाण्याहून किंचित लांबट होते. खिडकीबाहेर फणसाचे झाड असल्यामुळे ते त्यावरूनच येत असणार असे आम्ही सगळे धरून चाललो होतो, आणि मी आठ-दहा दिवस मोबाइलवर लहान तपकिरी किड्यांची मिळतील ती छायाचित्रे ताडून पाहत होतो. त्यांतील निम्मी तरी हुबेहूब आमच्याच किड्याची वाटत. शेवटी उत्तर सापडले ते फडताळाच्या वरच्या कप्प्यातील हळकुंडांच्या बरणीत. एकेका हळकुंडाला टाचणीने टोचल्यासारखी भोके पडली होती आणि बरणीच्या तळाशी पिवळी भुकटी साचली होती. किडे बाहेरून आत येत नव्हते. ते बरणीतून निघून उजेडाकडे जात होते आणि बंद तावदानापाशी मरत होते.

तेव्हापासून मी किडा ओळखण्याचा क्रम उलटा केला आहे. तो दिसतो कसा हे नंतर पाहावे. तो कोठे, कोणत्या वेळी आणि कशाच्या जवळ सापडला हे आधी विचारावे. जगात आजवर वर्णन झालेल्या भुंगेऱ्यांच्या जातींची संख्या चार लाखांच्या आसपास आहे, तेव्हा रंगावरून नेमके नाव शोधू पाहणारा माणूस हमखास फसतो. घरातल्या माणसाला बहुधा जातीचे नाव नकोच असते. हा किडा धान्य खातो, लाकूड पोखरतो, कातडीला इजा करतो, की दिव्याला भुलून वाट चुकला आहे, एवढे कळले तरी पुढे काय करायचे ते ठरवता येते, आणि त्यासाठी किड्याचे कुळ ओळखणे पुरेसे असते.

तो भुंगेराच आहे का?

भुंगेऱ्याची सर्वांत भरवशाची खूण त्याच्या पाठीवर असते. त्याचे पुढचे दोन पंख कवचासारखे कठीण झालेले असतात आणि मिटल्यावर ते पाठीच्या मधोमध एका सरळ रेषेत एकमेकांना भिडतात. ती रेषा दिसली की बहुतेक काम झाले. झुरळाचे पंख चामड्यासारखे असून एकावर एक चढलेले असतात, आणि त्याच्या मिशा लांब, दोऱ्यासारख्या असतात. ढेकूणवर्गीय किड्यांच्या पाठीवर खांद्यांच्या मध्ये त्रिकोण दिसतो, पंखांची टोके एकमेकांवर चढतात, आणि तोंडाच्या जागी पोटाखाली दुमडलेली सुईसारखी सोंड असते. जास्वंदीच्या किंवा एरंडाच्या आसपास कधी कधी हिरवा-निळा, धातूसारखा चमकणारा, काळे ठिपके असलेला एक किडा सापडतो. तो दिसायला इतका भुंगेऱ्यासारखा असतो की जाणतेही चकतात. त्याच्या पाठीवर मधली रेषा मात्र नसते, कारण तो ढेकणाच्या गोतावळ्यातला असून त्याची सगळी पाठ एकाच अखंड ढालीने झाकलेली असते.

येथे मराठीची एक अडचण सांगितली पाहिजे. आपण भुंगा म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या प्राण्यांना एकच नाव देतो. वाशाला बोट जाईल एवढे गोल भोक पाडून गुणगुणत आत-बाहेर करणारा मोठा काळा भुंगा हा मधमाशीचा भाऊबंद आहे. त्याचे चारही पंख पातळ असतात. म्हणून या लेखात कठीण पंखांच्या किड्यांसाठी मी भुंगेरा हाच शब्द वापरला आहे.

आणखी एक गैरसमज आरंभीच दूर करावा. लहान भुंगेरा हा मोठ्या भुंगेऱ्याचे पिल्लू नसतो. अंडे, अळी, कोष अशा अवस्था पार करून पंख घेऊन बाहेर पडलेला भुंगेरा त्यानंतर वाढत नाही. त्यामुळे मिलिमीटरमध्ये घेतलेले माप हा ओळखीचा पक्का आधार ठरतो. दोन मिलिमीटरचा किडा पुढे गेंड्या भुंगा होईल ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

हात लावण्यापूर्वी

घरात येणारे बहुतेक भुंगेरे निरुपद्रवी असले, तरी तीन प्रकार असे आहेत की त्यांच्यामुळे अनोळखी किडा उघड्या बोटांनी चिरडू नये हा नियम सर्वांनाच लावणे शहाणपणाचे ठरते.

पहिला प्रकार मुंगीसारखा दिसतो, आणि पावसाळ्यात भातशेतीजवळच्या घरांत तो ट्यूबलाइटभोवती येतो. त्याची लांबी ७ ते १० मिलिमीटर, अंग सडपातळ, डोके काळे, छाती नारिंगी, पोट नारिंगी आणि पोटाचे टोक पुन्हा काळे असते. पाठीच्या मध्यावर निळसर काळा, आखूड पट्टा दिसतो. तेच त्याचे पंखकवच होय; ते इतके तोकडे असते की पोटाचा बराच भाग उघडाच राहतो. मधल्या रेषेची खूण येथे त्या तोकड्या पट्ट्यावरच शोधावी लागते. चालताना तो पोटाचे टोक विंचवासारखे वर उचलतो, परंतु चावत नाही आणि डंखही मारत नाही. मानेवर बसला म्हणून आपण त्याला झोपेत चोळून टाकतो, आणि मग त्याच्या अंगातील पेडेरिन नावाचे द्रव्य कातडीला लागते. आग लगेच होत नाही. साधारण एक-दोन दिवसांनी ओरखड्यासारखा लांबट लाल चट्टा उठतो व त्यावर फोड येतात. कोपराच्या किंवा मांडीच्या घडीत तो चिरडला गेला, तर घडीच्या दोन्ही बाजूंना एकसारखे चट्टे उमटतात. लोक याला कोळी मुतला किंवा नागीण झाली असे समजतात. किडा अंगावर दिसल्यास फुंकर मारून किंवा कागदाच्या कडेने दूर करावा. चिरडलाच तर ती जागा साबण लावून भरपूर पाण्याने धुवावी आणि तो हात डोळ्यांना लावू नये.

त्याच्याशी हमखास गल्लत होते ती रताळ्यातील भुंगेऱ्याची. तोही मुंगीसारखा, तांबड्या छातीचा आणि निळ्या पाठीचा असतो. फरक दोन ठिकाणी पाहावा: याला पुढे बारीक सोंड असते आणि याचे चकचकीत निळे कवच पोट पूर्ण झाकते. हा कातडीला काही करत नाही. ज्या टोपलीत रताळी ठेवली आहेत ती मात्र तपासावी.

दुसरा प्रकार म्हणजे हिंगे. दोन-अडीच सेंटिमीटर लांब, काळ्या अंगावर नारिंगी किंवा तांबडे आडवे पट्टे असलेले हे भुंगेरे भेंडीच्या, जास्वंदीच्या आणि कडधान्यांच्या फुलांवर बसून पाकळ्या खातात. धरल्यास त्यांच्या सांध्यांतून पिवळसर थेंब येतो, आणि त्यामुळे फोड उठतो. तिसरा पिवळा-काळा भुंगेरा अंगणातील कुंड्या किंवा ओले दगड उचलल्यावर सापडतो. त्याला डिवचले की मागून फट् असा आवाज येतो आणि उकळत्या पाण्याइतका गरम फवारा उडतो. त्याचे तपकिरी डाग बोटांवर काही दिवस राहतात. डोळे जपले तर याहून मोठे नुकसान होत नाही.

पकडणे आणि पाहणे

पेला उपडा घालून खालून पुठ्ठा सरकवावा, एवढीच युक्ती पुरते. किडा काचेच्या लहान बाटलीत घालून ती दहा-पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवली की तो सुस्तावतो. मग जुन्या दिनदर्शिकेच्या पानाच्या कोऱ्या बाजूवर, शेजारी मोजपट्टी ठेवून, खिडकीच्या उजेडात त्याची चार छायाचित्रे घ्यावीत: वरून, बाजूने, समोरून आणि पोटाकडून. लोक केवळ वरून छायाचित्र घेतात आणि तेथेच घोटाळा होतो, कारण डोके छातीखाली दडले आहे का, सोंड आहे का, पोट पांढरे आहे का, या खुणा वरून दिसतच नाहीत.

त्यानंतर दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग घेऊन मिशा पाहाव्यात. नव्या माणसाला सर्वांत जास्त शिकवणारा भाग तोच आहे. मिशा दोऱ्यासारख्या आणि अंगाइतक्या लांब असतील तर तो लाकूड पोखरणाऱ्या लांबशिंग्या कुळातला असतो. टोकाला पंख्याची पाती उघडावीत तशा असतील तर तो हुमणी, शेणकिडा आणि गेंड्या भुंगा यांच्या कुळातला. सोंडेच्या मधून फुटून कोपरासारख्या वाकलेल्या असतील तर सोंड्या. टोकाला गाठ असेल किंवा कडेला करवतीचे दाते असतील, तर बहुधा तो कोठाराचा किडा असतो.

बरण्या, पिशव्या आणि पुरुमेंत

आता पुन्हा आमच्या हळकुंडांकडे. त्या किड्याची लांबी २ ते ३ मिलिमीटर होती, आणि बाजूने पाहता त्याची पाठ कुबडासारखी फुगलेली व डोके खाली वळलेले होते, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला डोके नाहीच असे वाटे. मिशांना करवतीसारखे दाते होते आणि पाठ गुळगुळीत होती. तंबाखूतील भुंगेरा म्हणतात तो हाच; हळद, मिरची, धणे, मसाल्याची पूड आणि क्वचित पुस्तकांची बांधणीसुद्धा तो पोखरतो. याचा एक जुळा वाटावा असा किडा आहे. त्याच्या पाठीवर उभ्या रेघांच्या ओळी असतात आणि मिशांच्या टोकाला तीन पेरांची सैल गाठ असते. दोघांवर उपाय एकच असल्यामुळे मी या फरकावर फार वेळ घालवत नाही.

तांदळातील सोंडे, ज्यांना आपल्याकडे टोके असेही म्हणतात, ओळखायला सोपे आहेत: ३ मिलिमीटरच्या आसपास लांबी, पुढे सोंड, गडद तपकिरी पाठीवर चार फिकट तांबूस ठिपके. मादी दाण्यात अंडे घालते, अळी दाण्याच्या आतच वाढते आणि वयात आलेला किडा भोक पाडून बाहेर येतो. म्हणूनच उकडे तांदूळ वरवर स्वच्छ दिसत असूनही पंधरवड्याने त्यात किडे ‘आपोआप’ उपजल्यासारखे वाटतात. त्याच डब्यात चपटा, तांबडा, सोंड नसलेला ३ ते ४ मिलिमीटरचा किडा सापडला तर तो पिठातला भुंगेरा होय. अखंड, निरोगी दाणा त्याला फोडता येत नाही. तो तांदळात दिसला याचा अर्थ असा की डब्यात कणी फार आहे किंवा दाणे आधीच दुसऱ्या कोणी फोडले आहेत. रव्याला किंवा पिठाला उग्र दर्प आणि गुलाबीसर छटा आली असेल तर ती याचीच करणी असते, आणि ते पीठ टाकूनच द्यावे.

काजूगरांच्या पिशवीत सापडणारा अडीच-तीन मिलिमीटरचा चपटा किडा भिंगाखाली अवश्य पाहावा. त्याच्या छातीच्या दोन्ही कडांना प्रत्येकी सहा दाते असतात, जणू लहानशी करवतच. अळसांद्यांतील (चवळीतील) आणि मुगातील भुंगेरा मात्र भिंगाशिवाय कळतो. तो गुटगुटीत असतो, त्याचे पंखकवच पोटाचे टोक झाकत नाही, आणि दाण्यांवर त्याची पांढरी अंडी खसखशीच्या दाण्यासारखी चिकटलेली दिसतात. ही कीड शेतात शेंगांवरच सुरू होते, म्हणून दोष आपल्या डब्याला न देता पिशवी आणल्याबरोबर दाणे पसरून पाहावेत आणि उन्हात चांगले तापवावेत.

पावसाळ्यासाठी मे महिन्यात भरलेल्या पुरुमेंताचे किडे वेगळे असतात. सुक्या बांगड्यांच्या किंवा सुंगटांच्या (कोळंबीच्या) पिशवीत आणि खोबऱ्याच्या वाट्यांत साधारण ५ मिलिमीटर लांबीचा, मोरपिसासारखा निळा-हिरवा चमकणारा, तांबड्या पायांचा एक भुंगेरा असतो. एवढा सुंदर किडा खाऱ्या मासळीच्या वासात राहतो यावर पाहुण्यांचा विश्वास बसत नाही. त्याच पिशवीतला दुसरा, एक सेंटिमीटरपर्यंतचा, वरून काळपट असतो. त्याला उताणा केला की पोट पांढरे दिसते. त्याच्या अळ्या राठ केसांच्या असतात आणि घुमट या वाद्याचे किंवा पखवाजाचे चामडेही त्या सोडत नाहीत. कोषात जाण्याच्या वेळी या अळ्या खाणे सोडून आडोसा शोधतात आणि जवळचा पुठ्ठा, बूच, प्रसंगी फळीसुद्धा पोखरतात. सुक्या मासळीशेजारच्या फळीला भोके दिसली म्हणून लगेच सुताराला बोलावू नये, आधी पिशवी उघडावी.

खिडकीत मेलेले आढळणारे सगळेच किडे बरणीतले नसतात. वाटोळा, २ ते ४ मिलिमीटरचा, पाठीवर पांढरे-पिवळे-तपकिरी शिंतोडे असलेला भुंगेरा फुलांचे पराग खातो, पण त्याची केसाळ, पट्टेदार अळी कपाटात असते. ती लोकर, रेशीम, केस आणि मेलेले किडे खाते. वर्षातून दोनदा बाहेर निघणारा सोवळ्याचा मुकटा किंवा पेटीच्या आतील लोकरी बनात तिला विशेष आवडते. जुन्या घरांच्या कोठीत काचेच्या मण्यासारखा गोल, चकचकीत, तांबूस किडाही भेटतो. तो ढेकूण समजून गाद्या जाळण्याची तयारी होते, पण तो रक्त पीत नाही.

लाकडाची भुकटी

लाकूड पोखरणारा किडा स्वतः फारसा दिसत नाही. ओळख त्याच्या भोकावरून आणि भुकटीवरून करावी. भोके १ ते २ मिलिमीटरची, गोल, आणि खाली पडणारी भुकटी मैद्यासारखी बारीक असेल तर ती घुणासारख्या लहान भुंगेऱ्यांची. ते नव्या फर्निचरातील लाकडाच्या बाहेरच्या फिकट भागात लागतात. बांबू त्यांच्या नात्यातल्या किड्यांना फारच प्रिय असतो. चतुर्थीनंतर माळ्यावर टाकलेली माटोळीची (गणपतीच्या वर फळे-भाज्या बांधायच्या चौकटीची) कांबी आणि जुनी सुपे पाहावीत. भुकटी पिठासारखी नसून राळ्यासारखी दाणेदार असेल आणि भिंगाखाली प्रत्येक दाणा सहा कडांचा दिसत असेल, तर तो भुंगेरा नव्हे. ती कोरड्या लाकडातील वाळवी आहे. मातीचे बोगदे दिसले तर जमिनीतून येणारी वाळवी. पेन्सिल जाईल असे लंबगोल भोक बहुधा लांबशिंग्याचे असते.

भोक म्हणजे किडा बाहेर गेल्याची खूण, आत असल्याची नव्हे. प्रादुर्भाव चालू आहे का हे ठरवण्यासाठी जुनी भुकटी ब्रशने झाडून खाली काळा कागद पसरावा आणि आठवड्याने पाहावे. ताजी, फिकट रंगाची भुकटी पुन्हा साचली तरच औषधाचा विचार करावा.

दिव्यावर आणि परसात

पहिल्या पावसानंतर बाल्कांवातील (घराच्या दर्शनी ओसरीतील) दिव्यावर आपटणारा चार-पाच सेंटिमीटरचा, काळा, शिंगवाला धटिंगण म्हणजे गेंड्या भुंगा. तो माणसाला काही करत नाही. परंतु माडाची नवी चुडते कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी उमलत असतील तर गुन्हेगार तोच, आणि त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात असतात. शिंग असलेला शेणकिडाही असतो. त्याचे अंग आखूड व रुंद आणि डोके फावड्यासारखे असते. माडाचा दुसरा शत्रू, तांबडा सोंड्या भुंगा, तीनएक सेंटिमीटरचा असून त्याची लांब सोंडच त्याची ओळख देते. आंब्याचा भिरूड राखाडी, बोटाएवढा लांब, आणि छातीवर दोन तांबूस नारिंगी ठिपके असलेला असतो. हातात धरला की चिरचिरतो. काजूचा रोठाही याच लांबशिंग्या कुळातला, रंगाने तांबूस तपकिरी. उताणा पडला की टिक् करून हवेत उडी मारणारा लांबट किडा मुलांना खेळायला द्यावा, कारण त्याची ओळख यापेक्षा वेगळी पटवावी लागत नाही.

मानकुराद आंब्याचा गर निर्दोष आणि कोयीत मात्र मातीच्या ढेकळासारखा काही तरी, असे दिसले तर ते ढेकूळ थोडा वेळ तसेच राहू द्यावे. सोंड आणि पाय पोटाशी दुमडून मेल्याचे सोंग घेतलेला तो कोयीतला सोंड्या काही मिनिटांनी चालू लागतो.

वांग्याच्या पानावर ठिपक्यांचा ढालकिडा दिसला की लोक तो मित्रकीटक समजून सोडतात. पाठ चकचकीत असेल तर तो मावा खाणारा, सोडून द्यावा. पाठ मळकट, बारीक लव असलेली आणि ठिपके पुष्कळ, साधारण अठ्ठावीस असतील, तर तो पानांची जाळी करणारा आहे. आगशीच्या वांग्यांचे रोप लावणाऱ्यांनी एवढा फरक तरी पाठ करावा.

दुसऱ्याला विचारताना

मोबाइलवरील ओळख करून देणारी साधने उपयोगी आहेत, पण त्यांनी सांगितलेले कुळ मानावे आणि जातीचे नाव संशयाने पाहावे. पिकाचा किडा असेल तर तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत विचारता येते. छायाचित्रांबरोबर नमुना जपायचा असेल तर तो लहान बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवावा आणि आतच एक चिठ्ठी घालावी. ‘तपकिरी किडा, घरात’ असे लिहून कोणालाच काही कळत नाही. आमच्या बाटलीतली चिठ्ठी अशी होती: ‘फोंडा तालुका, स्वयंपाकघर, पूर्वेची खिडकी, सकाळी, मेलेले, रोज दहा-बारा, लांबी अडीच मिलिमीटर, हळकुंडांच्या बरणीत जिवंत सापडले.’ चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, कारण पेनाची शाई स्पिरिटमध्ये उतरते आणि महिन्याभराने हातात केवळ निळे पाणी व एक निनावी किडा उरतो.